मनाई आदेशाने पाणी शुद्ध होत नाही

रायगडमधल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या धबधब्यांवर, धरणांवर मनाई आदेश काढला की पावसाळ्याची तयारी झाली, अशी प्रशासनाची समजूत दिसते. आषाणे-कोषाणे, सोलनपाडा, पाली-भूतिवली, झेनिथ ही नावे लोकांना आता पाठ झाली आहेत. या आदेशासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144 होते, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 आहे. कलमाचा आकडा तेवढा बदलला. जून 2024 मध्ये सोंडाई किल्ल्याहून परतणारे मुंबईचे चार विद्यार्थी खालापूर तालुक्यात बुडाले. असे काही घडले की आदेश आणखी कडक होतो, पोलीस आणखी चार दिवस नाक्यावर उभे राहतात आणि पाण्याचा विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपत नाही, हे आम्हाला सांगायचे आहे. बुडून मेलेल्या माणसाची बातमी होते. दूषित पाण्याने जुलाब होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावलेल्या ठाकूरवाडीतल्या पोराची होत नाही. पाण्यात उतरू नका, हे सांगायला एक कागद पुरतो. पाणी पिण्याजोगे ठेवायला रोज कुणीतरी विहिरीवर जावे लागते.

त्यासाठी व्यवस्था नाही असे नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पाण्याचे नमुने द्यायचे, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पाण्यात क्लोरिन उरले की नाही हे पाहणारी ओटी चाचणी करायची. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणीचे किटही दिले. कागदावर कशाची कमतरता नाही.

पण टीसीएल ही पावडर दमट हवेत उघडी राहिली की तिचा जोर उतरतो. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असते. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणे म्हणजे विहिरीत चुना ओतणे. त्यात कर्जतचा पाऊस. नदीला लाल पाणी आले की त्यातला गाळच बरेचसे क्लोरिन खाऊन टाकतो, म्हणजे ज्या महिन्यांत चाचणी रोज हवी तेच महिने सर्वांत कठीण. अशा वेळी ओटीच्या नळीत पिवळा रंग आला की नाही, हे पाहायला कोण उभे असते? नमुना ग्रामपंचायतीने द्यायचा, प्रयोगशाळा दुसऱ्याची, योजना पाणीपुरवठा विभागाची, कार्ड आरोग्य विभागाचे. साथ आली की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पोर्टलवर आकडे चढतात. हंडा घेऊन आलेल्या बाईला ते दिसत नाहीत. कर्मचारी कमी आहेत, हे खरे. पण पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, हेही खरे.

दुसरीकडे याच तालुक्यांत फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांचे पीक आले आहे. प्रत्येकाच्या जाहिरातीत निळाशार जलतरण तलाव. धबधब्यावर बंदी घातली की शनिवार-रविवारची गर्दी याच तलावांत उतरते. भारतीय मानक ब्युरोने तलावाच्या पाण्यासाठी आयएस 3328 हे मानक ठरवले आहे. ते किती दारांवर लावलेले दिसते? बोअरचे किंवा टँकरचे पाणी भरायचे, त्यात पन्नास माणसे डुंबायची आणि पाणी स्वच्छ दिसते म्हणून स्वच्छ मानायचे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएसची (गुलेन बॅरे सिंड्रोमची) साथ आली, तेव्हा कुठे विहिरी, टँकर आणि खासगी आरओ प्रकल्पांची तपासणी सुरू झाली. केरळात मेंदूज्वर करणाऱ्या अमिबाने माणसे मारली, तेव्हा तिथल्या आरोग्य विभागाने विहिरी आणि जलतरण तलावांच्या क्लोरिनेशनची मोहीम काढली. आपणही कुणी मरायची वाट पाहणार आहोत काय?

या तालुक्यांच्या नशिबी पाणी आहे, पण ते दुसऱ्यांसाठी. मोरबे धरण खालापुरात. त्याचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन नवी मुंबईच्या नळाला जाते. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार धरणांना 11 हजार कोटींहून अधिक रकमेची मान्यता दिली, तीही मुख्यतः महानगराची तहान भागवायला. शहराच्या पाण्याला शुद्धीकरण केंद्र आणि धरणाखालच्या वाडीला टीसीएलची भिजलेली पिशवी, हा न्याय कुणी ठरवला? जमीन यांची, डोंगर यांचा, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायचीही यांनीच.

आमची मागणी खर्चाची नाही. गावाच्या कार्डाचा रंग आणि त्या दिवशीची ओटीची नोंद विहिरीवर, ग्रामपंचायतीच्या दारात आणि प्रत्येक रिसॉर्टच्या फाटकावर फळा लावून खडूने लिहा. खाली तपासणाऱ्याचे नाव आणि सही हवी. लाल कार्ड मिळालेल्या गावाला पर्यायी पाणी कोण आणि किती दिवसांत देणार, हे तालुका आरोग्य अधिकारी आणि गटविकास अधिकारी यांनी मिळून जाहीर करावे. मनाई आदेशाखाली सही करायला अधिकारी लगेच मिळतो. या फळ्याखाली सही करायला मिळत नसेल, तर आदेशाला आम्ही सुरक्षेचा उपाय म्हणणार नाही. ते सरळसरळ हात झटकणे आहे.