खोली आहे तेवढीच दाखवा! रिअल इस्टेट फोटोग्राफीत उतरणाऱ्यांसाठी



फोटोग्राफीचा धंदा म्हटलं की आपल्याकडे आधी लग्नच डोळ्यासमोर येतं. पण लग्नाला सीझन असतो. घरांचं तसं नाही. पितृपक्षाचे पंधरा दिवस सोडले, तर घरं वर्षभर विकली जातात आणि भाड्याने तर रोजच जातात. म्हणूनच हल्ली बरेच जण मला विचारतात, "सर, रिअल इस्टेट फोटोग्राफी सुरू करायची आहे, कॅमेरा कोणता घेऊ?"

मी पुण्यात हेच काम करतो, त्यामुळे उत्तर सरळ देतो. कॅमेरा नंतर बघू. आधी एक ठरवा : तुम्ही खोली आहे तेवढी दाखवणार, की आहे त्यापेक्षा मोठी? तुमचा धंदा दोन वर्षांनी चालू असेल की नाही, ते यावर ठरतं, असं माझं मत आहे. का, ते सांगतो. आणि खरी खोली छान कशी दाखवायची, तेही सांगतो.

पैसे कोण देतो, ते आधी ओळखा

तुम्हाला पैसे बहुतेक वेळा एजंट देतो. त्याचं भांडवल काय? त्याचा रविवार आणि त्याचं पेट्रोल. समजा, चिंचवडचं एक कुटुंब आई-वडिलांना घेऊन सिंहगड रोडला फ्लॅट बघायला आलं. फोटोत हॉल चांगला वीस फुटी वाटत होता, प्रत्यक्षात निघाला अकरा फूट. कोणी भांडत नाही, कोणी तक्रार करत नाही. "कळवतो" म्हणतात आणि जातात. एजंटचा रविवार वाया गेला. असं तीन-चार वेळा झालं की त्याला कळतं, गडबड कुठे आहे. मग पुढच्या फ्लॅटला तो तुम्हाला फोन करत नाही, स्वतःच मोबाईलवर फोटो काढतो.

घराच्या फोटोची दोन कामं आहेत. ज्यांना ते घर परवडेल, पुरेल, त्यांना बघायला आणायचं आणि ज्यांना पुरणार नाही, त्यांची फेरी वाचवायची. दुसरं काम नीट झालं, तर एजंट तुम्हाला सोडत नाही.

लेन्सचं गणित

खोलीचा कोपरा ९० अंशांचा असतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरची लेन्स आडवी साधारण ९७ अंश बघते, २४ मिलिमीटरची साधारण ७४ अंश. म्हणजे कोपऱ्यात उभं राहून १६ लावली की दोन्ही बाजूच्या भिंती पूर्ण येतात. नवा माणूस खूश होतो. पण फोटोच्या कडा बघा. कडेला आलेला फ्रिज कपाटाएवढा रुंद होतो, गोल टेबल अंडाकृती होतं आणि समोरची भिंत लांब पळते. मोबाईलची ०.५ ची लेन्स तर याहूनही रुंद असते.

माझा नियम असा : हॉल आणि बेडरूमला २० ते २४. त्याहून रुंद फक्त बाथरूम आणि चिंचोळ्या स्वयंपाकघरात, जिथे मागे सरकायला जागाच नसते. पाठ भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकवून उभे राहा. फ्रिज, सोफा, खुर्ची अगदी कडेला येऊ देऊ नका. प्रत्येक फोटोत तीन भिंती कोंबायचा हट्टही नको. दोन भिंती आणि एक खिडकी दिसली, तरी माणसाला खोली कळते.

तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल, तर लेन्सच्या आकड्याला १.५ ने गुणा, कॅननचा असेल तर १.६ ने. म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स तुम्हाला साधारण २७ ते २९ देते. मोठ्या हॉलला ती चालते. लहान खोल्यांसाठी १०-१८ सारखी लेन्स लागेल, पण ती पहिली काही कामं झाल्यावर, त्याच कमाईतून घ्या.

कॅमेऱ्याआधी ट्रायपॉड

हप्त्यावर महागडा कॅमेरा घेऊन या धंद्यात उतरू नका. भिंती हलत नाहीत, मुलं पळत नाहीत, इथे वेगवान कॅमेऱ्याचं कामच नाही. सेकंडहँड साधा कॅमेरा आणि मजबूत ट्रायपॉड, एवढ्यावर सुरुवात होते.

ट्रायपॉड असला की आयएसओ १०० ठेवता येतो आणि अ‍ॅपर्चर एफ ८. शटर अर्धा सेकंद उघडं राहो की दोन सेकंद, फोटो स्वच्छच येतो. बटण दाबताना हिसका बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. आणि पंखा बंद करा, नाहीतर छताला धुरकट गोळा लटकल्यासारखा दिसतो.

कॅमेरा साधारण चार फुटांवर ठेवा. स्वयंपाकघरात थोडा वर, म्हणजे ओट्याचा माथा दिसेल. सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा पुढे-मागे कलता नको. कलला की भिंती पडल्यासारख्या दिसतात आणि काम नवशिक्याचं आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. स्क्रीनवर ग्रिड आणि लेव्हल चालू करा. छत जास्त येतंय? कॅमेरा वाकवू नका, ट्रायपॉड खाली घ्या.

कॅमेराच नाही? भाड्याच्या फ्लॅटपासून सुरू करा. मोबाईल, त्याची १ ची लेन्स, ग्रिड आणि मोबाईल बसेल असा ट्रायपॉड. तिरप्या भिंतींपेक्षा सरळ मोबाईल फोटो कधीही बरा.

उजेड फुकट मिळतो, तो वापरा

आपल्या घरांत ट्यूब पांढरी, बल्ब पिवळा आणि खिडकीतून येणारा उजेड निळसर. तिन्ही एकत्र आले की भिंतीचा रंग काय, हेच कळत नाही. दिवसा फोटो काढताना दिवे बंद ठेवा, पडदे उघडा.

खिडकी पांढरीफटक आणि खोली काळी, ही नेहमीची अडचण. ट्रायपॉड न हलवता तीन फोटो घ्या : एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. नंतर सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. रॉ फाइलमध्ये काढले तर रंगही नंतर नीट करता येतात.

जाण्याआधी फोनवर विचारा, घराचं तोंड कुठे आहे. पूर्वेच्या खोल्यांत सकाळी ऊन थेट येतं आणि फरशीवर चट्टे पडतात, त्या दुपारनंतर काढा. पश्चिमेच्या खोल्या दुपारच्या आत. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो, आतल्या फोटोंना तो उत्तम. फक्त एसीच्या खोलीतून दमट गॅलरीत आलात तर लेन्सवर वाफ धरते, थोडं थांबा. इमारतीचा बाहेरचा फोटो सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, घरातले दिवे लावून. आकाश निळं आणि खिडक्या सोनेरी, हा एक फोटो भाव खाऊन जातो.

आवराआवरीला वीस मिनिटं

दोरीवरचे कपडे, बादल्या, ओट्यावरची भांडी, फ्रिजवरच्या पिशव्या, बेडखालच्या चपला. हे हलवायचं, पण विचारून. देवघराला स्वतः हात लावू नका, घरच्यांना सांगा. बूट दाराबाहेर काढा, न सांगता.

आणि घरच्यांचे फोटो, दारावरची पाटी, औषधं, टेबलावरची बिलं फ्रेममध्ये नकोत. तुमचे फोटो पोर्टलवर अनोळखी लोक बघणार आहेत. घरात भाडेकरू राहत असेल, तर मालकाने हो म्हणून भागत नाही. त्या कुटुंबालाही आदल्या दिवशी विचारा.

काय पुसायचं आणि काय नाही

आता मुद्द्याचं. एडिटिंगमध्ये हल्ली एका क्लिकवर काहीही गायब होतं. म्हणून स्वतःला एक नियम घाला : जे उद्या उचलून बाजूला ठेवता येतं, ते फोटोतून काढलं तरी चालेल. जे घरासोबत विकलं जाणार आहे, ते पुसायचं नाही.

कचऱ्याचा डबा पुसा. भिंतीवरची ओल पुसू नका. खिडकीसमोरचा ट्रान्सफॉर्मर पुसू नका. समोरच्या इमारतीच्या जागी झाडं लावू नका. रिकाम्या खोलीत कॉम्प्युटरवर सोफा-बेड बसवले, तर फोटोवरच स्पष्ट लिहा की हे फर्निचर काल्पनिक आहे आणि रिकाम्या खोलीचा फोटोही सोबत द्या. फर्निचर मापातच बसवा, दहा फुटी खोलीत सहा फुटांचा पलंग चार फुटांचा करू नका.

समोरचा माणूस वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणार असतो. ती ओल त्याच्या मुलाच्या बेडरूमची असते.

नव्या प्रकल्पांच्या बाबतीत कायदाही आहे. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून ग्राहकाने आगाऊ पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. भरपाई तो देईल, पण पुढच्या प्रकल्पाचं काम तुम्हाला देईल का?

"पण एजंटच म्हणतो, मोठं दाखव!"

म्हणतो, हे खरं आहे. त्याची भीतीही खोटी नाही. पोर्टलवर शेजारचा फ्लॅट भलामोठा दिसतो, मग आपल्या फ्लॅटवर कोण क्लिक करणार? पण माणूस क्लिक करतो ते रुंदी बघून कमी आणि उजेड, स्वच्छता, सरळ भिंती बघून जास्त, असा माझा अनुभव आहे. या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत आणि त्यात खोटं काहीच नाही.

एजंटशी वाद घालू नका, पर्याय द्या. त्याच हॉलचे दोन फोटो काढा, एक १६ वर, एक २४ वर, आणि शेजारी ठेवून विचारा, "घर बघायला आलेला माणूस कोणता फोटो आठवून दारात उभा राहिलेला तुम्हाला हवा आहे?" शिवाय खिशात मेजर टेप ठेवा. खोल्यांची मापं घेऊन साधा नकाशा फोटोंसोबत द्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे घर किती मोठं आहे हे सांगायचा भार फोटोवर राहत नाही. आणि तुमच्या दरालाही वजन येतं.

दर आणि ड्रोन, थोडक्यात

दर फोटोगणिक नको, फ्लॅटगणिक सांगा. समजा, एका फ्लॅटचे २,००० रुपये ठरवलेत. जाण्या-येण्याचे दोन तास, कामाचे दोन, एडिटिंगचे दोन. म्हणजे सहा तास, पेट्रोल वेगळं. हे गणित कागदावर मांडा, मगच आकडा बोला. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी देईन म्हणालात, तर सकाळीच द्या.

ड्रोनची घाई नको. धंद्यासाठी २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा ड्रोन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला भाग लाल, पिवळा की हिरवा, हेही आधी बघावं लागतं.

या रविवारचा गृहपाठ

स्वतःच्याच घराचे आठ फोटो काढा. भिंती सरळ, दिवे बंद, पंखा बंद, आवराआवर करून. मग ते तुमच्या घरी कधीच न आलेल्या एखाद्या मित्राला पाठवा आणि हॉल किती फुटी असेल, ते विचारा. त्याचा अंदाज तुमच्या टेपच्या जवळपास आला आणि वर तो म्हणाला, "घर छान आहे रे!", तर समजा, तुम्ही पहिलं काम मागायला तयार आहात.