साठ की आठ?

मागच्या रविवारी मी आणि आमचे आबा किराणा आणायला गेलो होतो. दुकानदारकाका म्हणाले, "आबा, साठ झाले." आबांनी बंडीच्या खिशातून आठ रुपये मोजून पुढे ठेवले. दुकानातली सगळी माणसे हसली. एकजण म्हणाला, "आबा, तुमच्या वेळचा भाव सांगताय काय?" खोटे कशाला सांगू, मी पण हसले. आबा काही बोलले नाहीत. पण घरी येताना त्यांनी माझा हात धरला नाही.

आमच्या आळीत आबांना सगळे म्हणतात, "ह्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." कारण वेशीवर वरातीचा ढोल वाजला तर आबांना लगेच समजते, आणि आईने जेवायला हाक मारली तर समजत नाही. मलाही वाटायचे, आबा सोंग करतात.

मी शाळेत बाईंना विचारले. बाईंनी पेल्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधले. त्यावर साखरेचे दाणे टाकले आणि जवळ ताट बडवले. दाणे टुणटुण उडाले. बाई म्हणाल्या, आपल्या कानाचा पडदा असाच हलतो. पडद्यामागे तीन लहान हाडे असतात. त्यांची नावे हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या अंगातले सर्वांत लहान हाड आहे. ते ३ मिलिमीटरच्या आसपास असते. ही हाडे हादरा आतल्या कानात पोचवतात.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिला सुमारे पावणेतीन वेढे असतात. ती सरळ केली तर आपल्या पट्टीवर साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात पाण्यासारखा द्रव असतो आणि सुमारे १५,००० केसपेशी असतात. द्रव हलला की त्यांचे बारीक केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो.

मला नवल वाटले ते पुढेच आहे. प्रत्येक ठिकाणच्या पेशींचा आवाज ठरलेला असतो. नळीच्या दाराजवळच्या पेशी बारीक आवाज घेतात, म्हणजे चिमणीचा किंवा घुंगराचा. अगदी आतल्या वेढ्यातल्या पेशी ढोलासारखा जाड आवाज घेतात. आवाजाची लाट या नळीतून कशी जाते हे बेकेशी नावाच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हातारपणामुळे आणि फार मोठ्या आवाजामुळे दाराकडच्या पेशी आधी मरतात. शेतात शिरायच्या वाटेवरचे गवत आधी तुडवले जाते, तसे. पण गवत पावसाळ्यात परत येते. कोंबडीच्या कानातल्या पेशी सुद्धा परत येतात. माणसाच्या मात्र येत नाहीत.

आमच्या आबांनी २८ वर्षे पिठाच्या गिरणीत काम केले. इंजिन आणि पट्टा दिवसभर धडधडायचा. कानाला लावायला काही नव्हते. 'स' आणि 'श' हे बारीक आवाज आहेत. 'आ' जाड आहे. म्हणून 'साठ' मधला 'स' आबांच्या कानात जातो, पण आत त्याला घ्यायला कुणी नसते. मग राहते 'आठ'. आबा सोंग करत नव्हते. हे कळले तेव्हा मला दुकानातले हसणे आठवून रडू आले.

माझे मत असे आहे की कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कुणी हसू नये. त्याला बहिरट म्हणू नये. कानात ओरडू पण नये. मी ओरडले की आबा म्हणतात, "ओरडतीस कशाला?" हळू आवाज त्यांना येत नाही आणि मोठा आवाज टोचतो. म्हणून समोर उभे राहून, तोंड दिसेल असे सावकाश बोलावे. तालुक्याच्या डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कानाच्या यंत्राने मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशींना मदत होते.

आता थोडे पालकांना सांगते. रागावू नका. मामाच्या लग्नात मी डीजेच्या खोक्यांपुढे नाचले. सकाळपर्यंत कानात रातकिडा ओरडत होता. बाईंनी सांगितले की ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि पुढे ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. मी वहीत गणित केले. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. डीजेजवळ आवाज १०० च्या वर जातो आणि वरात तर तीन तास चालते!

माझे काका म्हणतात, "लग्न एकदाच होतं, वाजलंच पाहिजे." वाजू दे की. मला पण नाचायला आवडते. पण आवाज कमी ठेवा आणि लहान मुलांना खोक्यांपुढे उभे करू नका. सन २००० च्या नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. काही ठरलेल्या सणांनाच १२ पर्यंत सवलत मिळते. लग्न एकदाच होते हे खरे, पण कानातल्या पेशी सुद्धा एकदाच मिळतात.

काल मी पुन्हा आबांबरोबर दुकानात गेले. काकांनी पैसे सांगितले. आबांनी माझ्याकडे बघितले. मी समोर जाऊन बोटे दाखवली आणि सावकाश सांगितले. आबांनी बरोबर पैसे दिले. येताना त्यांनी माझा हात धरला.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी