चकाकी कुणासाठी?

१४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर मांडायच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ ग्लॉसी की मॅट, यावर आपली पोरं क्रांती चौकात चहा पीत दोन तास भांडली. काहींना हा वाद फालतू वाटला. मला नाही वाटत. पैसा वर्गणीचा आहे दोस्तांनो, कुणाच्या बापाच्या पेढीचा नाही.

मॅटवाल्यांचं म्हणणं एकच : मॅट सभ्य दिसते. बड्या दुकानांतली पुस्तकं तशी असतात म्हणून! च्यायला, सभ्यपणाचा ठेका आपण त्यांना कधी दिला? आपलं मुखपृष्ठ गडद निळं. गडद रंगावरच्या साध्या मॅटवर नखाचा ओरखडा पांढरा उठतो, बोटांचे तेलकट डाग दिसतात. गेटवर एक प्रत पन्नास हात चाळतात नि एकजण विकत घेतो. संध्याकाळपर्यंत ते पुस्तक मार खाल्लेल्या माणसासारखं दिसायला लागतं. ओरखडा न धरणारी मॅट मिळते, मखमली हाताचीही मिळते. भाव विचारून बघा. ग्लॉस स्वस्त, फडकं मारलं की साफ, आणि निळा त्यात आणखी खोल दिसतो. मी ग्लॉसच्या बाजूचा.

पण सगळीकडे नाही. क्रांती चौकातल्या रात्रीच्या धरण्यात हॅलोजनखाली ग्लॉसी पोस्टर लावलं की दिवा दिसतो, मागणी दिसत नाही. तिथं मॅटच. मोबाईलनं फोटो काढला तरी अक्षर वाचता येतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरला चकाकी चालते. तिथं वाचायला असतं काय? आणि हातोहात वाटायच्या पत्रकाला प्लास्टिक अजिबात नको. ते घडी होऊन खिशात जातं.

मुखपृष्ठाला पातळ कागद घेऊ नका. एका बाजूनं फिल्म चढवली की पावसाळ्यात कागद दमट हवा पितो, फिल्म पीत नाही. मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. २५० किंवा ३०० जीएसएमचं कार्ड घ्या. शाई पुरती वाळू द्या. घडीच्या जागी आधी क्रीज मारा.

आता जास्त महत्त्वाचं. नामांतराच्या काळातली सायक्लोस्टाइल पत्रकं अजून काही घरांत आहेत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांचे हे कागद. १९७८ ला मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तिथं कागद उरलेच किती? जे उरले ते प्रेमापोटी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन गरम रुळाखाली घालू नका. वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो, नंतर सोडवता येत नाही. हलक्या कागदातलं आम्ल आतच कोंडतं आणि कागद आतल्या आत पिवळा, ठिसूळ होत जातो. वरून मात्र चकचकीत!

आधी स्कॅन करा. मग पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, कडा मोकळ्या ठेवून, सपाट ठेवा. हवा तेव्हा कागद बाहेर निघाला पाहिजे. भिंतीवर टांगायचीच हौस असेल तर झेरॉक्स लॅमिनेट करा. ती ग्लॉसी करा नाहीतर मॅट, माझं काही म्हणणं नाही.