फोटो बॅनरसाठी नाही, पुराव्यासाठी काढा!

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगावकडचे रस्ते एकत्र येतात. १४ एप्रिल जवळ आला की इथे बॅनर लागतात. वर बाबासाहेब, खाली तीस-चाळीस चेहरे, आणि बाबासाहेबांपेक्षाही मोठा चेहरा शुभेच्छुक नेत्याचा! आठ दिवसांनी तोच बॅनर कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून दिसतो. आमचा प्रश्न साधा आहे. या फोटोंतून समाजाच्या हाती काय उरते?

फोटो काढू नका, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना शतकानुशतके लेखणी धरू दिली नाही, त्यांना फोटोची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे. पण फोटोचा अर्थ फोटोत नसतो, तो ज्याच्या ताब्यात असतो तो अर्थ ठरवतो. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. त्यातल्या कित्येक फोटोंखाली माणसाचे नावच नाही, फक्त जात किंवा जमात आहे. माणूस गेला, नमुना उरला.

आता राजगृहातला १९३४ चा फोटो आठवा. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि पायाशी कुत्रा. तेव्हा तो एका घरचा फोटो होता. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. आज तो लाखो घरांच्या भिंतीवर आहे. का? कारण त्यातल्या प्रत्येकाचे नाव आपल्याला माहीत आहे. नाव टिकले म्हणून अर्थ वाढला.

उलट १९७८ च्या नामांतर दंगलीत मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. घरासोबत भिंतीवरची तसबीर जळाली, ट्रंकेतले फोटो जळाले. ज्या आजा-आजीने ते सोसले त्यांचा एकतरी फोटो तुमच्या घरी आहे का? असेल तर त्यामागे नाव लिहिले आहे का?

हा भावनेचा प्रश्न नाही. परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांचा उल्लेख आला. सरकारने मात्र सभागृहात सीसीटीव्हीचा हवाला देऊन मारहाण नाकारली. म्हणजे कॅमेरा त्यांच्याकडेही आहे, आणि अर्थ लावायचा अधिकारही तेच घेतात. त्याला उत्तर सेल्फीने देणार का?

म्हणून तरुणांनो, तीन कामे करा. घरातल्या जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. अन्यायाचा फोटो किंवा व्हिडिओ काढला तर मूळ फाइल जपा, तिच्यात काटछाट करू नका, दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या प्रतीत फोटो कधी, कुठे काढला याची नोंद राहत नाही. आणि मोर्च्यात नेत्यासोबत फोटो काढण्याआधी मागे उभ्या असलेल्या बायाबापड्यांचा काढा, त्यांची नावे लिहून घ्या.

उद्या पुरावा मागितला जाईल तेव्हा बॅनर कामी येणार नाही.

जय भीम!