हॉर्न वाजवला होता!

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या फाटकासमोर आठवीतल्या एका मुलीला दुचाकीने उडवले. पाय मोडला, जीव वाचला. मुलगी नियमाप्रमाणे उजवीकडे पाहत होती, गाडी उलट बाजूने आली. दुचाकीस्वार हात जोडून, पण ठामपणे म्हणाला, "सर, मी दोनदा हॉर्न वाजवला होता!"

ती मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे.

हे वाक्य त्या एकट्याचे नाही, आपल्या सर्वांचे आहे. हॉर्न वाजवला की आपली जबाबदारी संपली, पुढे ज्याने त्याने जीव सांभाळावा! बहिऱ्याला हॉर्न ऐकूच येत नाही. अंधाला ऐकू येतो. पण दहा हॉर्न एकदम वाजले की ज्या चाहुलीवर तो रस्ता ओलांडतो ती चाहूलच बुडते. बॅटरीवरच्या स्कूटरची तर चाहूलही लागत नाही.

उपाय ठाऊक नाहीत, असे कोणी म्हणू नये. जपानमधील ओकायामा शहरात 1967 साली अंधशाळेजवळ पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या बसल्या. आपल्या 1995 च्या अपंग कायद्यात सिग्नलला आवाजाची सोय आणि झेब्रा पट्ट्यांवर खाचा करण्याची तरतूद होती. मात्र 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'! त्या तीन शब्दांच्या आडोशाला वर्षे गेली. त्याच्या जागी 2016 चा नवा कायदा आला. पट्ट्यांपाशी पादचाऱ्याला आधी वाट द्यावी, असा वाहनचालकांसाठी नियमही आहे. तो पाळणारा मला दाखवा!

आपण सीमाभागातली माणसे. पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यासाठी आपण मोर्चे काढले. मीही त्यांत चाललो. त्याची मला खंत नाही. पण रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना लिपी नसते. त्या मागायला मराठी आणि कन्नड घरांनी एकाच अर्जावर सह्या करायला काय हरकत आहे?

वाचकहो, अर्ज मी लिहिला आहे. तोवर दोन गोष्टी आपल्याच हातात आहेत. पट्ट्यांपाशी आधी ब्रेक दाबा. आणि पांढरी काठी दिसली, तर त्या माणसाला ओढू नका, "पलीकडे जायचंय का?" असे विचारून आपला कोपर पुढे करा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी पुन्हा शाळेत येणार आहे. रस्ता तोच आहे.