विजेची सायकल आणि नोकरदाराचा हिशेब

‘सायकलींचे शहर’ हे बिरुद पुण्याने नेमके कधी टाकून दिले, हे सांगणे कठीण आहे; पण त्याचा आरंभ कोठे झाला हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. १९७२ साली आकुर्डीत चेतक स्कूटर तयार होऊ लागली आणि त्याच वर्षी लूनाही रस्त्यावर अवतरली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून ठेवणारा मध्यमवर्ग तोवर सायकलवरच होता. त्या सायकलचा नगरपालिकेला कर द्यावा लागे, हँडलला बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेले आढळले तर पोलिसाची शिट्टी ऐकावी लागे. पुढे जो तो ऐपतीप्रमाणे लूनावर, स्कूटरवर, मोटारसायकलवर गेला आणि सायकल उरली ती दूधवाल्याकडे, पेपर टाकणाऱ्या मुलाकडे आणि बांधकामावरच्या मजुराकडे. जी वस्तू गरिबीची खूण ठरली, ती कितीही उपयोगाची असली तरी मध्यमवर्ग तिच्याकडे परत फिरत नाही. आता तीच सायकल वीज घेऊन परत आली आहे, आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा मोजून पैसा खर्च करणाऱ्या माणसाने तिच्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न आहे.

लूनाची आठवण येथे अप्रस्तुत नाही. लूनाला पेडले होती. पेट्रोल संपले तर ती पायाने हाकता येत असे. पण ती मुळात पेडले लावलेली मोटारगाडीच होती. विजेची सायकल हा नेमका उलटा प्रकार आहे. येथे मूळ वस्तू सायकल आहे आणि मोटर तिच्या मदतीला आहे. जपानमध्ये १९९३ साली यामाहा कंपनीने अशी सायकल प्रथम बाजारात आणली, ती शर्यतीसाठी नव्हे, तर बाजारहाट करणाऱ्या, मुलाला मागे बसवून चढ चढणाऱ्या सामान्य माणसांसाठी. नेदरलँड्ससारख्या सायकलप्रेमी देशात आज विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या विजेच्या असतात. तो देश तर सपाट! तेथेही लोकांना ही मदत हवीशी वाटते, यावरून ती केवळ आळशांची सोय नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

ही मदत किती, हे आकड्यांनीच पाहिलेले बरे. आपल्याकडील मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी नको, चालवणाऱ्याला परवाना नको. २५० वॅट म्हणजे एका अश्वशक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. परंतु सत्तर किलोचा माणूस, वीस-बावीस किलोची सायकल आणि डबा-दप्तर धरून सपाट रस्त्याने ताशी पंधरा किलोमीटरने जायला पन्नास-साठ वॅट पुरतात. तेवढे तर कोणताही निरोगी माणूस पायाने देतो. खरी कसोटी चढावर. शंभर फुटांना पाच फूट असा चढ ताशी बारा किलोमीटरने चढायचा, तर सुमारे १९० वॅट लागतात. सामान्य माणूस दम न लागता पाऊणशे ते शंभर वॅट देऊ शकतो. उरलेले नव्वद ते एकशे पंधरा वॅट जी देते ती ही मोटर. म्हणजे ती माणसाला बसवून नेत नाही. जेथे तो उतरून सायकल ढकलू लागला असता, नेमके तेथे ती त्याला उतरू देत नाही.

पुण्याच्या बाबतीत तर हा चढ म्हणजे केवळ गणित नव्हे. जुने शहर नदीकाठच्या सखल भागात वसले आणि नवी वस्ती चहूकडच्या उंचवट्यांवर चढत गेली. धनकवडी, कात्रज, कोंढवा, बावधन येथे घर असणाऱ्याला सकाळी पेठेतल्या शाळेत किंवा कचेरीत जाताना उतार लागतो, आणि दिवसभर खडू किंवा फायली हाताळून दमल्यावर संध्याकाळी घरी येताना चढ. साध्या सायकलचा पुण्यातला पराभव बव्हंशी या संध्याकाळच्या चढाने केला. त्यात शहराचा विस्तार झाला, दोन-तीन किलोमीटरचे अंतर सात-आठ झाले, आणि जेथे जमीन सपाट होती तेथेही उड्डाणपूल उभे राहिले. तेव्हा रोज एकूण बारा ते वीस किलोमीटर जाणाऱ्या आणि वाटेत चढ असणाऱ्या माणसासाठी ही सायकल खरोखरच कामाची आहे. ज्याची कचेरी दीड किलोमीटरवर आहे त्याने साधीच सायकल घ्यावी, आणि ज्याला रोज चाळीस किलोमीटर जायचे आहे त्याने हिच्या नादी लागू नये.

घेताना मात्र दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटाला भुलू नये. पुष्कळशा विजेच्या सायकली आज तरुणांना आकर्षित करण्यासाठी डोंगरी सायकलसारख्या बनवलेल्या असतात: जाडजूड टायर, सरळ दांडा, आणि मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर यांपैकी काहीच नाही. पांढरी विजार घालून कचेरीत जाणाऱ्याला पावसाळ्यात ती पहिल्याच दिवशी रडवील. साडी नेसणाऱ्या शिक्षिकेला मधला आडवा दांडा नसलेली सायकलच हवी. मदत देण्याची रीतही पारखून घ्यावी. स्वस्त सायकलीत पेडल नुसते फिरले की मोटर धावते, त्यामुळे गर्दीत ती अवचित पुढे उसळते. चांगल्या सायकलीत पायाचा जोर मोजला जातो आणि त्या प्रमाणात मदत मिळते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता तो क्षुल्लक राहत नाही. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते की नाही, हेही दुकानातच पाहावे.

आता पैशांचा हिशेब. वीज जवळजवळ फुकट पडते, असे विक्रेते सांगतात आणि ते खोटे नाही. ३६ व्होल्टची, दहा अँपिअर-तासाची बॅटरी भरायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते आणि पेडल मारत गेल्यास तीसेक किलोमीटर जाता येते. रोज सोळा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर चारशे किलोमीटर होतात. त्यांना वीज लागते पाच-सहा युनिट, म्हणजे फार तर साठ रुपयांची. स्कूटरला याच अंतरासाठी नऊ लिटर पेट्रोल, अर्थात नऊशे रुपयांहून अधिक. येथे विक्रेता थांबतो. ग्राहकाने थांबू नये. लिथियमची बॅटरी पाचशे ते सातशे वेळा भरल्यानंतर थकू लागते. वरच्या हिशेबाने ते तीन ते साडेचार वर्षांत होईल, आणि नवी बॅटरी दहा-पंधरा हजारांची. हा खर्च महिन्यावर वाटला तर अडीचशे-तीनशे रुपये होतात. म्हणजे खरी बचत नऊशेची नव्हे, सहाशेच्या आतबाहेरची. सायकल पस्तीस हजारांची असेल आणि घरातली स्कूटर तशीच ठेवायची असेल, तर ती किंमत वसूल व्हायला पाच वर्षे जातील. पण घरात दुसरी स्कूटर घ्यायची वेळ आली असताना तिच्याऐवजी ही सायकल घेतली, तर स्कूटरची निम्म्याहून अधिक किंमत आणि विम्याचा खर्च पहिल्याच दिवशी वाचतो. हिशेब येथे जमतो, आणि बव्हंशी येथेच जमतो.

बॅटरी कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न मात्र अवघड आहे. पंक्चर काढणारा, रिमचा आऊट काढणारा कारागीर अजून कोपऱ्यावर सापडतो. मोटर किंवा तिचा नियंत्रक बिघडला की तो हात वर करतो. कंपनी बंद पडली तर तिच्या घडणीची बॅटरी दुसरीकडे मिळत नाही. म्हणून नव्या नवलाईच्या नावापेक्षा गावात दुरुस्तीचे दुकान असलेले नाव बरे. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, ते विसरून चालणार नाही. बॅटरी सायकलमधून काढता येणारी असावी, ती कंपनीच्याच चार्जरने आणि जागेपणी भरावी, आणि जिन्याखाली, जेथून साऱ्या इमारतीला बाहेर पडायचे असते तेथे तर कधीच भरू नये. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने एवढे वजन रोज उचलता येईल का, हे दुकानात जाण्यापूर्वीच ठरवावे.

इतके सारे ग्राहकाच्या हाती आहे. रस्ता त्याच्या हाती नाही. २००६ साली पुण्यात स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटीचा प्रयोग झाला, तेव्हा कडेने सायकल मार्गही आखले गेले. त्यांवर सायकल सोडून बाकी सर्व काही चालत आले आहे. २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला आणि भाड्याच्या रंगीत सायकली शहरभर उभ्या राहिल्या. दोन-एक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या, आराखडा कागदावर राहिला. ताशी वीस किलोमीटरने जाणारी सायकल बसच्या आणि मोटारीच्या मधोमध चालवणे हे धाडस आहे, आणि पन्नाशीच्या शिक्षकाकडून रोज धाडसाची अपेक्षा करणे अन्याय्य आहे.

दुसरा धोका खुद्द वापरणाऱ्यांकडूनच आहे. मूठ पिळताच पेडल न मारता धावणाऱ्या आणि दुकानदाराकडून वेगाची मर्यादा काढून घेतलेल्या सायकली रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. ताशी चाळीस किलोमीटरने, पातळ ब्रेकांवर, परवान्याविना जाणारे वाहन म्हणजे सायकल नव्हे. असे दोन-चार भीषण अपघात झाले की सरकार उठून सगळ्याच विजेच्या सायकलींना नोंदणी, परवाना आणि विमा लावील, आणि मग कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हिचा जो मुख्य लाभ होता तो संपेल. ही मर्यादा काढून देणाऱ्या विक्रेत्यावर आजच कारवाई होणे, हे सायकल चालवणाऱ्यांच्याच हिताचे आहे.

दिल्ली सरकारने २०२२ साली पहिल्या दहा हजार विजेच्या सायकलींना साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले होते. महाराष्ट्रात तसे मागणे गैर नाही. पण त्याहून कमी खर्चाचे एक काम शाळांना, महाविद्यालयांना आणि सरकारी कचेऱ्यांना आजही करता येईल. त्यांच्या आवारातले सायकल स्टँड केव्हाच स्कूटरींनी बळकावले आहेत. तेथे छप्पर, साखळी अडकवायला लोखंडी नळी आणि ओळीने चार विजेचे प्लग, एवढे केले तरी पुरे. आज बॅटरी पिशवीत घालून दुसऱ्या मजल्यावर न्यायची आणि हेडक्लार्कच्या टेबलामागचा प्लग मागायचा, अशी सोय आहे. आणि तो प्लग बहुधा चहाच्या किटलीला दिलेला असतो.