निकाल दिसू दे, नाव नको

परवा पालघरहून मासवणला जाताना एसटीत शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर पडलं. ‘‘अगं, तिच्या केसचं मोबाइलवर दिसतं म्हणे. नाव टाकलं की झालं!’’ ‘ती’ म्हणजे गावातलीच कुणाची तरी लेक. घटस्फोट झालेली, आता दुसरं स्थळ बघणारी. मला ते ऐकून कसंसंच झालं.

खरं तर कायद्याने आपली काळजी घेतली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे अशी सुनावणी बंद दाराआडच व्हायला हवी. तिथला मजकूर छापला तर हजार रुपयांपर्यंत दंड. सूट फक्त कोर्टाच्या परवानगीने छापलेल्या हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाच्या निकालांना. पण हा कायदा 1955 चा. तेव्हा धास्ती वर्तमानपत्राची होती, आज हातातल्या मोबाइलची आहे. आणि हजार रुपयांना आता कोण घाबरतंय?

मग सगळंच कुलूपबंद करायचं का? मला नाही पटत. 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तो खटला गुपचूप चालला असता, तर बालविवाहावर एवढी चर्चा झाली असती का? पण गंमत बघा, 1885 मध्ये वर्तमानपत्रात पत्रं लिहिताना त्याच रखमाबाईंनी सही केली होती ‘एक हिंदू स्त्री’. प्रश्न चव्हाट्यावर, नाव मात्र झाकलेलं!

मला वाटतं, हाच मार्ग बरा. पोटगी किती मिळाली, मूल कुणाकडे राहिलं, हे इतर बायकांना कळायलाच हवं. त्यासाठी तिचं नाव-गाव कशाला? 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो मासवणच्या लेकीलाही आहेच की.

‘‘पण स्थळाने पहिलं लग्न लपवलं तर?’’ असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. त्यासाठी मोबाइल चाळू नका. सरळ हुकूमनाम्याची प्रत मागा, अपिलाची मुदत संपली का तेही विचारा. ही प्रत कोर्ट दोघांनाही फुकट देतं.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यावर वेळ आलीच तर पहिल्याच तारखेला वकिलांना दोन गोष्टी सांगा : सुनावणी बंद दाराआड हवी, निकालात नाव झाकायचा अर्ज करा. कुटुंब न्यायालयात तर दोघांपैकी एकाने मागणी केली तरी दार बंद करावंच लागतं.

राहता राहिली एसटीतली कुजबुज. ती थांबवायला कायदा नाही. ते आपल्याच हातात आहे.